समुद्रफूल आणि तांब्याचा हंडा

आमच्या टाकीतलं समुद्रफूल मेलंय की जिवंत आहे, हे कळायला मला चार दिवस लागले. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज पाण्याचे नमुने तपासते, त्यात काय किती आहे ते दशांश चिन्हासकट सांगते. पण घरातल्या काचेच्या टाकीत दगडाला चिकटून बसलेला एक जीव आहे की गेला, ते मला सांगता येईना. सकाळी बघावं तर ते मुठीएवढं आक्रसलेलं, तोंड उघडं पडलेलं, बोटांसारखे हात लुळे. मी म्हणायचे, संपलं. संध्याकाळी कामावरून यावं तर थोडं फुगलेलं. मी म्हणायचे, वाचलं. नवरा म्हणायचा, "तू आधी एक काय ते ठरव, म्हणजे मला वाईट वाटून घेता येईल."

ठरवणं भागच होतं. समुद्रफूल म्हणतात खरं, पण ते फूल नाही, प्राणी आहे. खाली दगडाला धरून राहायला एक पाय, वर मधोमध तोंड आणि भोवती हातच हात. त्या हातांना डंख असतात. भलता मासा जवळ गेला तर चिकटून मरतो. फक्त क्लाऊनफिश, ते नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, त्यात खुशाल लोळतात. असं फूल टाकीत मेलं तर सडून एका दिवसात सगळं पाणी नासवतं आणि मासेही जातात. म्हणून मेलं तर ताबडतोब काढायचं. पण जिवंत असताना ओढून काढलं तर त्याचा पाय फाटतो आणि ते नक्की मरतं. म्हणजे कसंही चुकलं तरी पाप माझ्याच माथी.

ज्याच्याकडून घेतलं त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मरा नहीं है, आराम कर रहा है।" मी विचारलं, किती दिवस आराम करतो? तो म्हणाला, "वो उसके मूड पे है।" मोबाइलवर शोधलं तर एकजण सांगत होता उजेड वाढवा, दुसरा सांगत होता उजेड कमी करा, तिसऱ्याचं म्हणणं, काही करू नका, नुसतं बघत राहा. मी एक दिवस उजेड वाढवला, एक दिवस कमी केला आणि तिसऱ्या दिवशी नुसती बघत राहिले. फुलाला त्याचं काही नव्हतं.

त्यात मासे आणखी गोंधळात टाकत होते. पाणी बिघडलं की आधी मासे मलूल व्हायला हवेत. आमची क्लाऊनफिशची जोडी ठणठणीत होती. भराभर खात होती, एकमेकांच्या मागे धावत होती, उलट महिनाभरात नव्हती इतकी तुकतुकीत दिसत होती. पाण्यात मीठ बरोबर, अमोनिया नाही, तापमान ठीक. मग फुलालाच काय झालं? एकाच पाण्यात एकाची तब्येत सुधारते आणि दुसरं झिजत जातं, हे कोणत्या शास्त्रात बसतं ते मला कळेना.

चौथ्या दिवशी निकाल माझ्या वडिलांनी दिला. बाबा नेहमीसारखे टाकीजवळ खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी झाकण उचललं, नाक खाली नेलं आणि म्हणाले, "गेलं गो. वास आला." मी पाण्यात हात घातला. दगडाला धरून ठेवणारा तो पाय आपण होऊन सुटला आणि सगळं फूल भिजलेल्या पावासारखं हातात आलं. मी ते बादलीत टाकलं. बाबा बराच वेळ त्या बादलीकडे बघत राहिले. मला वाटलं, जीव लागला होता, म्हणून.

जीव लागलाच होता. टाकी आणली नवऱ्याने, हौसेने, वर्षभरापूर्वी. पण ती झाली बाबांची, आणि ती कशी झाली ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

बाबांची माकुणसारला वाडी आहे. नारळ, केळी, थोडा भाजीपाला आणि आयुष्यभर ज्याच्यावर जीव टाकला तो पानवेलींचा तुकडा. मी एकुलती एक. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच राहत. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते विहिरीजवळ घसरले, घोटा मोडला आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच चिखलात पडून राहिले. हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. शेजारी सहज डोकावला म्हणून दिसले. डॉक्टरांनी सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी त्यांना गाडीत घातलं आणि बोईसरला आमच्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. आणलं म्हणजे उचलूनच आणलं, कारण त्यांच्या मनात यायचं नव्हतं.

आमच्याकडे जुन्या माणसांत एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही, आणि आता होण्याचं वयही गेलं. आजकाल ही रीत कोण पाळतं? बाबा तोंडाने कधी म्हणाले नाहीत की मी पाळतो. पण येताना त्यांनी वाडीतल्या तांदळाचं पोतं बरोबर घेतलं. नारळ आणले, केळी आणली. आपल्या तांदळाचा भात, मग तो लेकीने शिजवला म्हणून काय झालं, असा त्यांनी मनाशी मार्ग काढला असावा. पाण्याला मात्र मार्ग नव्हता. माकुणसारचा एक शेजारी इथल्याच एका कारखान्यात कामाला येतो. तो दर तीन-चार दिवसांनी आमच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन आणून द्यायचा. "मला बोयसरचं पाणी बाधतं," असं बाबा सांगायचे. आमच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी दिलेला तांब्याचा हंडा आहे, मी तो चिंच लावून लख्ख ठेवते, आल्यागेल्याला त्यातलंच पाणी देते. बाबा त्याच्याकडे बघत सुद्धा नसत.

मला त्याचा राग यायचा. खरं म्हणजे राग नाही, वाईट वाटायचं. पण मला वाईट वाटलं की माझा आवाज चढतो, हा स्वभाव आहे. बाबांवर आवाज चढवायची सोय नव्हती. मग वड्याचं तेल वांग्यावर, म्हणजे नवऱ्यावर निघायचं. तो बिचारा शिफ्टहून येऊन चपला काढायच्या आत ऐकून घ्यायचा.

बाबांची पिशवी खुंटीला भरलेलीच असायची. दर रविवारी म्हणायचे, "या हप्त्यात जातो." पायात बळ नाही, जिना उतरताना कठड्याला लोंबकळतात, आणि जातो म्हणे. तिथे पुन्हा पडले तर या वेळी कोणी डोकावेल याची खात्री काय? मला दिवसा कामात सुद्धा मध्येच ती विहीर दिसायची. त्यांना इथे राहायला काहीतरी कारण हवं होतं, आणि ते मला सुचत नव्हतं.

ते कारण टाकीने दिलं. आधी त्यांनी तिची थट्टाच केली. नवरा पिशवीतलं मीठ मोजून पाण्यात कालवत होता तेव्हा म्हणाले, "जावयबापू, घिवलीला एवढा दर्या पडलाय आणि तुमी बादलीत दर्या करता?" नवऱ्याने समजावलं की आपल्या किनाऱ्याचं पाणी गाळाचं, या माशांना नितळ लागतं. बाबांना पटलं नाही, पण खुर्ची जवळ सरकली. मग कळलं की टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं आणि वर गोडं पाणी घालून पातळी राखावी लागते. पाणी राखणं म्हणजे त्यांचंच काम. फिल्टर मशिनमधून थेंबथेंब पडणारं पाणी ते तांब्याने नव्हे, मी दिलेल्या प्लास्टिकच्या मगाने मोजून घालू लागले. काचेवर त्यांनी खडूने रेघ मारली होती, तिच्या खाली पाणी कधी गेलं नाही.

दिवाळीत नवऱ्याने समुद्रफूल आणलं. मासे त्यात लगेच शिरतील अशी आमची समजूत. आठवडे गेले, मासे पंपाच्या मागे लपून बसलेले, आणि फूल आपलं पायाने सरकत सरकत टाकीभर फिरतंय. कोणी कोणाकडे बघेना. नवरा म्हणाला, आपल्याला फसवलं. मग एक दिवस प्रयोगशाळेत फोन आला. बाबांनी मला कामावर कधीच फोन केला नव्हता. माझ्या हातातली नळीच सुटली. बाबा म्हणत होते, "मासळी फुलात शिरली गो! दोन्ही! असं अंग घासतात!" माझे डोळे भरून आले आणि समोरच्या सहकाऱ्याला वाटलं घरी काही वाईट झालं. त्याला काय सांगणार? त्या रविवारी बाबा जातो म्हणाले नाहीत. पुढच्याही रविवारी नाही. त्यांनी गच्चीत, म्हणजे आमच्या त्या चार फुटांच्या गॅलरीत, रंगाच्या डब्यात पानवेलीचं खोड लावलं. मी मनात म्हटलं, झाड लावणारा माणूस जात नाही.

असं सगळं मार्गी लागत असताना फूल मेलं. आता ते का मेलं हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. बाबा पुन्हा गप्प झाले होते. दुसरं फूल आणावं, तर तेही मेलं म्हणजे?

मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून कामावर नेलं. आमच्याकडे सांडपाण्यातले धातू तपासतात. दुपारच्या मोकळ्या वेळात मी एकेक तपासत गेले. तांब्याच्या चाचणीला नमुना पिवळट तपकिरी झाला, म्हणजे पाण्यात तांबं होतं. मी पुन्हा केली. पुन्हा तोच रंग. तांबं माशांना थोडंफार सोसतं, पण समुद्रफुलासारख्या जीवांना ते विषच. म्हणजे खुनी सापडला होता, पण तो घरात शिरला कसा? मिठात असेल? तेच मीठ वर्षभर वापरत होतो. दगडात? दगडही तेच होते.

आणि परतीच्या रिक्षात माझ्या डोळ्यांसमोर हंडा आला. लख्ख, तांब्याचा. फिल्टरचं पाणी साठायला वेळ लागतो आणि माझा नवरा किती आळशी आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती गत. मी दारातूनच सुरू झाले.

"टाकीत हंड्यातलं पाणी घातलंस ना तू?"

नवरा चहा पीत होता. त्याने नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "एकदाच. तेही दिवाळीच्या आधी."

झालं! मी त्याला आळशी म्हटलं, बेजबाबदार म्हटलं, अकरा वर्षांतलं जे जे आठवलं ते ते काढलं. तो म्हणत होता की दिवाळीच्या आधीचं पाणी फुलाला पौषात कसं बाधेल, आणि हा मुद्दा बिनतोड होता, पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. बाबा टाकीजवळ बसलेले. त्यांनी विचारलं, "तांबं? तांब्यानं गेलं म्हणतेस?"

"हो बाबा, तांब्याने. या जीवाला ते विष असतं. आणि यांनी ओतलं हंडाभर!"

बाबांनी मान टाकीकडे वळवली. मला वाटलं, लेक जावयाला बोलते हे त्यांना आवडलं नाही.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्यातली केमिस्ट जागी झाली. हंड्यात ठेवलेल्या तांब्याभर पाण्यातून, तेही इतक्या महिन्यांपूर्वी, एवढं तांबं येणं शक्यच नव्हतं. हंडाच्या हंडा विरघळवला असता तर गोष्ट वेगळी. मी साप समजून भुई धोपटली होती. मग कोण? मी? भांडी घासून तसाच हात टाकीत घातला असेन? मला माझाच संशय येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेले आणि पानवेलीकडे नजर गेली. पानांवर निळसर पांढरे डाग सुकलेले होते. लहानपणापासून मी ते डाग पाहत आले आहे. पानवेलीवर रोगाचे ठिपके आले की बाबा मोरचूद आणि चुना कालवून फवारायचे, बोर्डो म्हणतात त्याला. मोरचूद म्हणजे ते निळे खडे. त्याचं शास्त्रातलं नाव मला शाळेपासून पाठ आहे: कॉपर सल्फेट. डब्याच्या मागे वर्तमानपत्राची पुडी होती. उघडली. निळे खडे, अर्धी पुडी.

मी पुडी पुन्हा गुंडाळली. आणि मग आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी, मी डबा भरून निघण्याच्या घाईत, बाबा टाकीजवळून म्हणाले होते, "गो, मासळीला मिठाचे कण लागल्यासारखे ठिपके आलेत बघ." मी न बघता म्हटलं होतं, वाळू असेल बाबा. संध्याकाळी त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं होतं, तो म्हणाला बघतो उद्या. दोघांनीही बघितलं नाही. पुढच्या दोन-चार दिवसांत बाबा पुन्हा काही म्हणाले नाहीत, म्हणून मीही विसरले. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो आणि आठ-दहा दिवसांत जोडीच्या जोडी जाते. त्यावर दुकानात जी औषधाची बाटली मिळते तिच्यात काय असतं? तांबंच. म्हणजे बाबांनी ओळखला तो रोग बरोबर, दिलं ते औषध बरोबर, मासे जगले म्हणजे मात्रा सुद्धा जवळजवळ बरोबर. फक्त ते औषध मासे वेगळ्या पाण्यात काढून द्यायचं असतं, फूल असलेल्या टाकीत नाही. मासे तुकतुकीत आणि फूल मेलेलं, हे ज्या शास्त्रात बसत नव्हतं ते हे शास्त्र.

आता काय करायचं? मला रागही येत होता, हसूही येत होतं आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती. बाबांना सांगितलं की तुमच्या हातून फूल मेलं, तर ते त्या क्षणी पिशवी उचलतील. लेकीच्या घरी राहून तिचं नुकसान केलं, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. आणि मग ती विहीर.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं, पुडी दाखवली आणि म्हटलं, "तूच मारलंस असं राहू दे."

"मी काय केलंय?"

"काही नाही केलंस. पण बाबांना कळता कामा नये."

त्याने हंड्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "बरं. काल शिव्या खाल्ल्याच आहेत, फुकट तरी कशाला जाऊ द्यायच्या?" आणि बाहेर जाऊन बाबांसमोर उभा राहून त्याने सांगूनही टाकलं. "बाबा, चूक माझीच. हंड्यातलं पाणी मीच घातलं होतं. फूल माझ्यामुळे गेलं." इतकं छान बोलला की मलाच क्षणभर खरं वाटलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "असू दे, जावयबापू." मी स्वयंपाकघरात सुटकेचा निःश्वास टाकला. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पापलेट तळायला घेतलं.

जेवायला हाक मारायला गेले तर बाबा पलंगावर पिशवी घेऊन बसलेले. धोतरं घडी करून आत, चष्म्याची डबी वर. "तीनच्या गाडीनं जातो," म्हणाले. "जावयाला म्हणावं, स्टेशनापर्यंत सोडा."

"का? काय झालं?"

"काय नाय झालं."

"बाबा, टाकी कोण बघणार?"

"टाकीत काय बघायचं राहिलंय?" असं म्हणून त्यांनी पिशवीची दोरी ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोर्डो कालवल्यावर आमी कोयता बुडवून बघतो. तुला माहीत हाय. कोयत्यावर लाल चढलं तर समजायचं चुना कमी पडला. ते लाल काय असतं गो?"

मी त्यांच्या हातातली दोरी धरली.

"तांबं असतं. सत्तर वर्षं बघतोय. तू काल तांबं म्हटलंस आणि मला कळलं. माज्या हातून झालं. तीन दिवस चिमूटचिमूट घातलं मी, मासळीला बरं वाटायला. रातभर वाट बघितली, तू विचारशील. सकाळी गॅलरीत तू पुडी उघडलीस ते पण मी बघितलं. म्हटलं आता येईल, आता बोलेल. तर आला जावय. माजा गुन्हा अंगावर घेऊन."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून—"

"काल त्याच्यावर केवढी वरडलीस! का? घरचा हाय म्हणून. घरच्याला रागावतात. पाहुण्याची चूक पोटात घालतात, वर त्याला पापलेट तळून देतात." त्यांनी दोरीची गाठ मारली. "मी पाहुणाच हाय इथं. पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. मी त्यांना ठेवून घेण्यासाठी खोटं रचलं होतं आणि त्याच खोट्याने ते उठून चालले होते. त्यांना सांभाळावं की माफी मागावी की पाय धरावेत? डोक्यात काहीच सुचेना, आणि मला काही सुचेनासं झालं की जे होतं तेच झालं. माझा आवाज चढला.

"मग ऐका! अक्कल आहे का तुम्हाला? माहीत नसलेल्या टाकीत विचारल्याशिवाय मोरचूद घालतात? पानवेल आहे का ती? मला फोन करता येत नव्हता? मासे फुलात शिरले तेव्हा बरा करता आला! तीन दिवस घातलंत, तीन दिवसांत एकदा सुद्धा तोंड उघडावंसं वाटलं नाही? चार दिवस मी वेड्यासारखी त्या फुलापुढे बसले होते, उजेड वाढव, उजेड कमी कर, आणि तुम्ही शेजारी बसून बघताय! आणि आता चालले पिशवी घेऊन! पडा पुन्हा विहिरीवर! मी काय करू मग? मला कोण आहे?"

शेवटचं वाक्य माझं मलाच नवीन होतं. नवरा दारात येऊन उभा होता, कालथा हातात. बाबा मान खाली घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखं सगळं ऐकत होते. माझा श्वास संपला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"आणि मी ठिपके दाखवले तेव्हा तू बघितलंस?" ते म्हणाले. तेही आता चढ्या आवाजात. "वाळू हाय म्हणालीस! एवढी शिकलीस, मासळीवर वाळू चिकटते का कुठं? आणि हा," कालथ्याकडे बोट, "उद्या बघतो म्हणाला. याचा उद्या कधी उगवतो?"

"नाही बघितलं," मी म्हटलं. "तुम्ही औषध दिलं नसतं तर दोन्ही मासे गेले असते, बाबा. औषध बरोबर होतं. मासे वेगळ्या पाण्यात काढून द्यायला हवं होतं, एवढंच."

"वेगळ्या पाण्यात," बाबा हळूच म्हणाले. ते पलंगावरून टाकीकडे बघत होते. आदल्या दिवशी त्यांनी संक्रांतीचं एक रिकामं बोळकं पाण्यात आडवं ठेवलं होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. दोन्ही मासे आळीपाळीने त्यात शिरून अंग घासत होते. "ही दगडं बदलायला लागतील मंग. तांबं मुरतं दगडात. फूल पुन्हा टिकायचं नाय."

"बदलू," नवरा म्हणाला.

पापलेट करपल्याचा वास आला आणि तो आत पळाला. बाबा बसूनच होते. एवढं बोलल्याने त्यांच्या घशाला कोरड पडली असावी, त्यांनी हात पुढे करून पाणी मागितलं. मी सवयीने कोपऱ्यातल्या त्यांच्या कॅनकडे गेले, पेला खाली धरला.

"ते नको," बाबा म्हणाले. "तुज्या हंड्यातलं दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.  त्यांनी मान हलवून स्वयंपाकघराकडे दाखवलं. मी हंड्यातून पेला भरून आणला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून, मध्ये न थांबता, तळापर्यंत प्यायला. मग ओठ पुसले आणि म्हणाले, "तांब्याचा वास येतो गो."

"येतो थोडा," मी म्हटलं, आणि खुंटीला लावायला त्यांची पिशवी उचलली.